तिसरा श्रोता

माझी बहीण प्रोफेसर नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं ऐकताना कुणी वाट बघत बसू नये, की आता हिला खुर्ची मिळेल, आता हिच्या नावाची पाटी दारावर लागेल. नाही लागली. ज्यांच्या लागल्या त्यांच्यातल्या निम्म्यांची पुस्तकं त्यांच्या बायकांनीसुद्धा उघडलेली नाहीत. गेरलिंडे कोस्लिकचं, म्हणजे आमच्या लिंडेचं, पुस्तक मात्र मी माझ्या टपरीत बसून, गिऱ्हाइकांना बीअरच्या बाटल्या देता देता दोनदा वाचलंय. पहिल्यांदा काही कळलं नाही. दुसऱ्यांदा कळलं आणि राग आला, की हे असलं लिहिणाऱ्या बाईला ही माणसं दारात उभी ठेवतात.

आमचा बाप खाणीत होता, त्याचा बापही खाणीत. जर्मनीतल्या रूरच्या आमच्या कोळशाच्या पट्ट्यात तेव्हा दुसरं काही नव्हतंच. लिंडेची प्राथमिक शाळा संपली तेव्हा तिचे मास्तर घरी आले आणि म्हणाले, ही पोरगी लॅटिन शिकवणाऱ्या शाळेत गेली पाहिजे. आई म्हणाली, "लॅटिन शिकून कुणाशी बोलणार ही? आमच्या गल्लीत तर पाद्रीसुद्धा बोलत नाही." बाबा बशीतलं सॉसेज कापत होते. मान वर न करता म्हणाले, "खाली बायकांना घेत नाहीत. मग वर जाऊ दे." विषय संपला.

ती गेली. तत्त्वज्ञानाचा प्रबंध लिहून डॉक्टर झाली त्या दिवशी तिच्या बरोबरच्या पोरांनी रिवाजाप्रमाणे तिला पुठ्ठ्याची टोपी करून दिली. त्यावर नव्या डॉक्टरच्या आयुष्यातल्या वस्तू चिकटवतात. तिच्या टोपीवर खाणीतला छोटा दिवा होता, कोळशाचा तुकडा होता, आणि तारेवर डुलणारं एक प्रश्नचिन्ह. बाबांनी ती टोपी तिच्या डोक्यावरून काढली, स्वतःच्या डोक्यावर घातली आणि तडक दारूच्या गुत्त्यावर गेले. सगळा गुत्ता त्या संध्याकाळी त्यांना "या डॉक्टरसाहेब" म्हणत होता. छातीत कोळशाची धूळ भरलेला माणूस इतकं हसला की खोकला आवरेना. तो हसण्याचा आवाज मी अजून विसरलेलो नाही, आणि कुठल्या विद्यापीठाने तो मला दिलेला नाही.

मग तिचा दुसरा, मोठा प्रबंध. आमच्याकडे एका प्रबंधावर भागत नाही. दुसरा लिहायचा, सगळ्या विभागासमोर उभं राहून त्याचा बचाव करायचा, तेव्हा कुठे विद्यापीठात स्वतःच्या नावावर शिकवायचा हक्क मिळतो. नुसता हक्क. खुर्ची नाही, पगार नाही. त्या माणसाला प्रिवाटडोझेंट म्हणतात. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात म्हणजे, तुला पोहता येतं हे आम्ही मान्य करतो, आता पाणी तुझं तू शोध.

पाणी शोधायचं ते दुसऱ्या गावात, कारण आपल्याच माणसाला खुर्ची द्यायची नाही असा यांचा दंडक. बाहेरून बोलावणं यावं लागतं. त्यासाठी गावोगाव जाऊन नमुन्याचं व्याख्यान द्यायचं. ते लोक स्वतःच त्याला "गाऊन दाखवणं" म्हणतात, आणि ते खोटं नाही. लिंडे अर्ध्या जर्मनीत गाऊन आली. दरवेळी तीन नावं निघत, हिचं दुसरं. पहिला हो म्हणाला की दुसऱ्याला कुणी विचारत नाही. उत्तरेतल्या एका गावात समितीतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "खाणकामगाराची मुलगी आणि ज्ञान म्हणजे काय याचा अभ्यास? हे कसं जमलं?"

लिंडे म्हणाली, "माझे वडील रोज अंधारात जायचे. तुम्ही कधी गेलात?"

तिथे तर दुसऱ्या जागीही तिचं नाव लागलं नाही. मला हे सांगताना ती खिडकीतून बाहेर बघत होती. मला वाटलं रडते. हसत होती.

तिचं सगळं काम एकाच प्रश्नावर. आपण जे जे जाणतो, त्यातलं स्वतः पाहिलेलं किती? आपला जन्म कधी झाला, मंगोलिया आहे की नाही, काल गावात काय घडलं, सगळं दुसऱ्याच्या तोंडून. विद्वान म्हणतात, ते कच्चं ज्ञान, तपासून घ्यावं. लिंडे म्हणते, दुसऱ्याचा शब्द घेणं हा तपासाचा आळस नाही. तो माणसांमधला व्यवहारच वेगळा आहे. 'दुसऱ्याचा शब्द' हेच पुस्तकाचं नाव.

आता आल्ब्रेख्त विटेनबोर्न. हा आणि लिंडे एकाच प्रोफेसरच्या हाताखाली, एकाच खोलीत, समोरासमोरच्या टेबलांवर वर्षानुवर्षं बसले. एकमेकांना तू म्हणत. एकमेकांची पानं लाल पेन्सिलीने चिरफाडत. मग त्याला दक्षिणेतून बोलावणं आलं, तिथून पुन्हा इथलं, आणि आता तो आमच्याच विद्यापीठात डीन. एकदा तू म्हटलेल्या माणसाला आमच्याकडे पुन्हा तुम्ही म्हणत नाहीत. म्हटलं तर ते तोंडावर दार आपटण्यासारखं. डीन झाल्यावर विटेनबोर्नने पहिल्याच बैठकीत म्हटलं, "कोस्लिक बाई, तुम्ही काय म्हणाल?" लिंडेने काय ते म्हटलं. घरी येऊन मात्र जेवली नाही.

हक्क टिकवायचा तर प्रिवाटडोझेंटला दर वर्षी फुकट शिकवावं लागतं. ती गेली कित्येक वर्षं शिकवत होती. पोट परदेशी लोकांना संध्याकाळी जर्मन शिकवून भरायचं आणि विद्यापीठाला स्वतःचं डोकं दान करायचं. त्या उन्हाळी सत्रात विभागाने तिचा वर्ग गुण देणाऱ्या विषयांतून काढला. गुण नाहीत तर विद्यार्थी कशाला येतील? वेळ दिली शुक्रवारी संध्याकाळी, खोली दिली तळघरातली. आणि विभागाचा जुना नियम वर काढला: तीन माणसं असतील तरच वर्ग म्हणायचा. तेच तीन श्रोते, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. एका दिवशी जरी दोन झाले, तर वर्ग झालाच नाही. वर्ग नाही तर हक्क गेला. नावाआधीची 'पी.डी.' ही दोन अक्षरंही काढून घेणार. अठ्ठावन्नाव्या वर्षी.

ती टपरीवर आली, काउंटरला टेकली आणि म्हणाली, "संपलं रे, हार्टमुट."

"काय संपलं? नियमात लिहिलंय का की श्रोते विद्यार्थीच हवेत?"

"नाही. पाहुणे श्रोते म्हणून कुणीही नाव घालू शकतं."

"मग मी एक."

"तुला दुकान आहे."

"दुकानाला शटर आहे."

मासिकांच्या रॅकपाशी टीमान बाई उभ्या होत्या. वाल्बुर्गा टीमान, आमच्या गल्लीतल्या विधवा बाई, राजघराण्यांच्या भानगडींची मासिकं न चुकता नेतात आणि विकत घेण्याआधी अर्धी तिथेच वाचतात. त्या म्हणाल्या, "तिथे बसायला खुर्च्या पाठीच्या आहेत का?"

"आहेत," लिंडे म्हणाली.

"विणकाम चालेल?"

"चालेल."

"मग मी दोन."

तिसरा एग्बर्ट. खाण बंद झाल्यापासून त्याचा सगळा जीव त्याच्या शर्यतीच्या कबुतरांत. त्याला हो म्हणवायला वेळ लागला, कारण शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे कबुतरं क्लबात नेऊन, नोंदवून, टोपल्यांत भरायची वेळ. शनिवारी ती दूरच्या गावातून सोडतात, कुणाचं आधी घरी परततं ती शर्यत. विद्यापीठात एकही माणूस असा नव्हता ज्याला हे ठाऊक असेल. त्यांना शुक्रवारची संध्याकाळ रिकामी वाटली.

"माझी पाखरं कोण नेणार?" एग्बर्ट म्हणाला.

"तुझा मेहुणा."

"त्याच्या हातात मी सायकलसुद्धा देत नाही."

"एग्बर्ट," मी म्हणालो, "ही आपल्या गल्लीतली एकच तत्त्वज्ञ आहे. कबुतरं प्रत्येकाच्या छपरावर आहेत."

तो पुटपुटला, शिव्या घातल्या, आला.

कुणी असं समजू नये की आम्ही तिथे जाऊन विद्वानांना लाजवलं. छे! एग्बर्ट पहिल्या दिवशी घोरला. टीमान बाईंना एक महिना वाटत होतं की कुणातरी नवऱ्याच्या खोटेपणाबद्दल चाललंय. मी प्रश्न विचारला तो इतका बावळट होता की आजही सांगणार नाही. पण लिंडेने आमच्यासाठी एक वाक्य सोपं केलं नाही. मोठ्या सभागृहात जसं बोलली असती तसंच त्या तळघरात बोलली, फळ्यावर लिहिलं, पुसलं, स्वतःलाच अडवलं, परत मागे गेली. मी तिचा भाऊ. तिला अंथरुणात शिंकताना पाहिलंय, सायकलवरून पडताना पाहिलंय. काम करताना पहिल्यांदाच पाहत होतो. सुतार रंधा मारतो तेव्हा त्याला कोण बघतंय याचं भान नसतं, तशी. मी मान ताठ करून बसायचो. तिथे कुणी नव्हतं बघायला, तरी.

शेवटच्या शुक्रवारी सकाळी एग्बर्ट टपरीवर आला. डोळे जमिनीवर.

"राष्ट्रीय शर्यत आहे उद्याची. मेहुण्याची पाठ धरलीय. मी नाही गेलो तर पाखरं घरीच राहतील."

"आणि लिंडे?"

"एक दिवस रे! एवढे शुक्रवार बसलो ना?"

"एक दिवस कमी झाला तर सगळे गेले, हे तुला दहा वेळा सांगितलंय!"

"मग काय करू, हार्टमुट? ती मादी मी चोचीत भरवून वाढवलीय!"

मी त्याला काउंटरवरची ओली फडकी फेकून मारली. तो गेला. कबुतरांकडे.

मी लिंडेला फोन केला. म्हटलं, काळजी नको, रस्त्यावरून कुणालाही उचलून आणतो, तुझ्या इमारतीचा चौकीदार बसवतो. ती म्हणाली, "जो पहिल्या दिवसापासून नव्हता तो श्रोता नाही. आणि आज विटेनबोर्न स्वतः येणारेत. कुणीतरी तक्रार केलीय की मी टपरीवरची माणसं भाड्याने आणते."

"मग सांग की तिसरा आत्ताच उठून बाहेर गेला. पोट बिघडलं म्हण. कोण तपासणार?"

ती म्हणाली, "हार्टमुट, तू पुस्तक दोनदा वाचलंस ना? तिसऱ्यांदा वाच." आणि फोन ठेवला.

विटेनबोर्न सहाला आला. उंच, टक्कल, चांगला कोट. सगळ्यात मागच्या बाकावर बसला, पाय लांब करून, जसा तपासनीस बसतो. आम्हाला नजरेने मोजलं: मी, टीमान बाई. रिकामी खुर्ची.

"कोस्लिक बाई, एक श्रोता कमी दिसतो."

"हो. आज दोनच आहेत," लिंडे म्हणाली. सरळ.

"मग आपण—"

"मला शेवटचं व्याख्यान द्यायचंय. तुम्हाला जायचं असेल तर जा. मी दोघांसाठी देणार."

तो गेला नाही. घड्याळ काढून बाकावर ठेवलं.

लिंडेने बाबांची गोष्ट काढली. मी ती लहानपणापासून ऐकलेली. खाणीत खाली, तुर्कस्तानहून नुकताच आलेला एक कामगार, जर्मनचा एक शब्द येत नाही, अचानक त्याच्या भाषेत ओरडला. बाबांना शब्द कळला नाही, तरी ते पळाले. मागे छत खाली आलं. "वडील नेहमी म्हणायचे, मला तेव्हाच समजलं की छत येतंय. मला भीती वाटली, असं कधी म्हणाले नाहीत," लिंडे म्हणाली. "त्या माणसाची पारख करायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. ओळख नाही, अनुभव नाही. तरीही त्याचा शब्द त्यांनी घेतला, आणि जे मिळालं ते ज्ञान होतं, नशीब नव्हे. आपण तापमापकावर भरवसा ठेवतो तो त्याला तपासून. माणसावर तसा ठेवला तर आपण त्याला तापमापक केलं."

"एक मिनिट," मागून आवाज आला.

लिंडे थांबली. विटेनबोर्न पुढे झुकला होता. पाय आत घेतलेले.

"तुमच्या वडिलांना शब्द कळलाच नाही, असं तुम्हीच म्हणालात. मग त्यांनी शब्द घेतला कुठे? ते आवाजाला दचकले. कुत्रं भुंकलं असतं तरी पळाले असते."

"पळाले असते, मान्य. खाणीत उंदीर पळतात तेव्हाही माणसं पळतात. पण त्याबद्दल कुणी म्हणत नाही की उंदराने मला सांगितलं. बाबा म्हणायचे, त्याने मला सांगितलं."

"लोक काहीही म्हणतात."

"तेच तर तपासायचंय, की ते काहीही आहे का."

तो उठून पुढे आला. मधल्या बाकावर बसला. मग तिथूनही उठला आणि फळ्यापाशी गेला. खडू हातात घेतला. ती म्हणाली असं नाही, तो म्हणाला मग सिद्ध करा, ती म्हणाली सिद्ध तुम्ही करा, ओझं तुमच्यावर आहे. केव्हा तरी त्याच्या तोंडून "लिंडे, तू इथे घसरतेयस" असं निघालं. माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्याही नाही. टीमान बाईंच्या सुया थांबल्या होत्या. त्या मान इकडून तिकडे फिरवत होत्या, जशी टेनिस बघताना फिरते.

"बघ," विटेनबोर्न म्हणाला, कोटाच्या बाहीवर खडूच खडू, "तो परका माणूस त्यांच्याकडे बघून ओरडला. त्यांच्यासाठी ओरडला. शब्द दुय्यम. त्यांनी शब्द घेतला नाही, माणूस घेतला. तुझ्या पुस्तकाचं नावच चुकलंय!"

लिंडेने फळ्याकडे पाहिलं. त्याच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर तिचा रागच आला: अगं, तो तुझं पुस्तक पाडतोय आणि तू खूश होतेस!

"हे तू वीस वर्षांपूर्वी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली.

"तेव्हा सुचलं नव्हतं."

बाहेर चौकीदाराने किल्ल्या वाजवल्या. वेळ संपली होती. विटेनबोर्न भानावर आला. खडू ठेवला, बाही झटकली, मागच्या बाकावरचं घड्याळ आणायला गेला. परत आला तो डीन होऊन.

"कोस्लिक बाई, मला कळवावं लागेल की शेवटच्या वर्गाला दोनच—"

"अहो, मग इतका वेळ मी कुणाचं भांडण ऐकत होते?" टीमान बाई म्हणाल्या. "हे गृहस्थ काय भिंत आहेत?"

"मी इथे तपासणीला आलो होतो, बाई."

"आलात तपासणीला. बसलात कशाला मग?"

"आणि पहिल्या दिवसापासून नव्हतो," तो लिंडेकडे वळून म्हणाला, जणू तिनेच हा मुद्दा काढायला हवा होता.

"होतास," लिंडे म्हणाली. "या सगळ्याच्या पहिल्या दिवसापासून तू समोरच्या टेबलावर होतास." मग तिने हात वर केला, मी काही बोलू नये म्हणून, मी उठलोच होतो. "पण मी काही मागत नाहीये, आल्ब्रेख्त. आज खोलीत श्रोते किती होते, ते तू सांग. दोन म्हणालास तर दोन. तुझा शब्द मी घेईन. तपासणार नाही."

तो घड्याळाचा पट्टा बोटांत फिरवत राहिला. मी आयुष्यभर या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्यात, आणि त्यातली एकही परत घेत नाही. पण खरं ते सांगतो: त्याच्या तोंडावर जे चाललं होतं ते सोपं नव्हतं. दोन म्हणणं त्याच्या खुर्चीसाठी सोयीचं. तीन म्हणायचं, तर आज संध्याकाळी आपण या बाईकडून शिकलो हे स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं, तेही तळघरात, टपरीवाल्यासमोर.

"तीन," तो म्हणाला.

मग त्याने मूठ वळली आणि बाकाच्या लाकडावर टकटक केलं. एकदा, दोनदा, मग सलग, दोन्ही हातांनी. विद्यापीठात असंच करतात. चांगल्या व्याख्यानाला टाळ्या नाहीत, लाकूड वाजवतात. टीमान बाई दाराकडे बघून म्हणाल्या, "या की आत, उघडंच आहे!" आणि मी, ज्याने त्या जागेत पाय ठेवायची लायकी नसल्यासारखं सत्रभर आत शिरताना अंग चोरलं होतं, मी माझ्या दोन्ही मुठींनी ते बाक असं बडवलं की चौकीदार धावत आला.

विटेनबोर्न जाताना दारात थांबला. "उत्तर पाठव मला, लिंडे."

"पाठवते. तू चूक आहेस हे दाखवेन."

"मी वाट बघतो."

बाहेर अजून उजेड होता. टीमान बाई पुढे चालत होत्या, त्यांची बस होती. माझ्या बहिणीने माझा दंड धरला आणि मी म्हणालो, जरा मोठ्यानेच, रस्त्याने चाललेल्या पोरांनाही ऐकू जावं म्हणून, "जिंकलीस ना, प्रिवाटडोझेंट बाई!"

"हं?" ती म्हणाली. तिचं लक्षच नव्हतं. "अरे, त्याचा मुद्दा बरोबर आहे. चौथं प्रकरण अख्खं पाडावं लागणार. कदाचित पाचवंही."

"अगं, तुझा हक्क वाचला!"

"वाचला. म्हणूनच पाडता येईल ना नीट, पुढच्या सत्रात, चार माणसांसमोर." आणि ती चालत राहिली, हाताने हवेत काहीतरी आखत, पुसत, पुन्हा आखत. समोरून सायकलवाला आला तरी तिला दिसला नाही. मी तिला बाजूला ओढलं आणि त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने घंटी वाजवली नाही.